सत्त्याण्णव किलोचा खुंटा

साल दोन हजार तेवीस. मला सहासष्टावं चालू होतं, आणि त्या साली माझ्याच गावानं मला दोन क्रेट डाळिंबांवर दुसऱ्या गावाला देऊन टाकलं.

वाचणाऱ्याला वाटेल, म्हातारा फुगवून सांगतोय. मी चौथीतनं शाळा सोडली. फुगवून लिहायचं पुढच्या इयत्तांत शिकवत असतील तर मला माहीत नाही. मला जे झालं तेवढंच लिहिता येतं, तेही नातीनं वेलांट्या तपासून दिल्यावर.

आमचं गाव उंब्रजच्या अलीकडं, हमरस्त्यापासून थोडं आत. गावाचा रस्सीखेचीचा संघ आहे. इकडं आठ गडी, तिकडं आठ गडी, मधे जाड दोर आणि दोराच्या मध्यावर बांधलेलं तांबडं फडकं. ते फडकं आपल्या बाजूच्या रेघेपार आणलं की जिंकलं. तीनदा ओढायचं, त्यात दोनदा जिंकायचं. सात गडी दोर ओढतात. आठवा, सगळ्यात शेवटचा, दोर काखेतून घेऊन पाठीवरनं दुसऱ्या खांद्यावर टाकतो आणि टाचा जमिनीत रोवून मागं रेलतो. त्याला आमच्यात खुंटा म्हणतात. खुंट्यानं ओढायचं नसतं. त्याचं काम एकच, हलायचं नाही. हे काम मला उपजत येतं असं आमच्या मंडळींचं मत आहे.

एकतीस वर्षं मी गावाचा खुंटा होतो. एवढ्या वर्षांत मला रेघेपार नेलं ते दोनच वेळा. एकदा पाऊस पडून गेला होता आणि एकदा पंचाला कमी दिसत होतं.

तर त्या साली वडूजकडच्या एका गावच्या यात्रेत स्पर्धा होती. दरसालची. पण या खेपेला त्यांनी नवा नियम काढला. आठ जणांचं मिळून वजन सहाशे चाळीस किलोच्या वर जाता कामा नये. त्याआधी आमचं वजन कधी कुणी विचारलं नव्हतं. खेळायला येतो तर खेळू द्यायचं, अशी साधी पद्धत होती.

आमच्या भागात पाटाचं पाणी. ऊस, दूधदुभतं, त्यात आताच्या पोरांना व्यायामशाळेचा नाद. एकेक गडी दाराच्या फळीसारखा. आम्ही आठहीजण भुसार दुकानाच्या काट्यावर जाऊन आलो. माझी पाळी आली तेव्हा दुकानदार खाली मान घालून वहीत लिहीत होता. सत्त्याण्णव म्हणाला, आणि सवयीनं हमालाला हाक मारली, पोतं उतरून घे म्हणून.

सगळ्यांचं मिळून सहाशे चौसष्ट भरलं. चोवीस किलो जादा.

संघाचा कप्तान माझा पुतण्या, थोरल्या भावाचा मुलगा. पलटणीतनं हवालदार होऊन रिटायर झाला आणि गावी येऊन संघाला लागला. दोर कसा धरायचा हे पलटणीत जायच्या आधी मीच त्याला शिकवलं. मला नाना म्हणतो. नाना त्याला काहीच म्हणत नाही, कारण म्हणायच्या आत तो "येस सर" म्हणतो.

त्यानं रविवारी सकाळी देवळाच्या मंडपात बैठक बोलावली. विषय काय ते सांगितलं नाही, त्यावरनंच मला विषय कळला. मी मुद्दाम सगळ्यांच्या आधी जाऊन मधल्या खांबाला टेकून बसलो. माझ्याबद्दल बोलायचं तर माझ्या तोंडावर बोला.

बोलले की. अगदी मी तिथं नसल्यासारखे बोलले. एकजण म्हणाला, नानांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. दुसरा म्हणाला, गोळी आहे म्हणूनच काळजी नाही, ज्यांना नाही त्यांची काळजी. तिसऱ्यानं माझे गुडघे काढले.

"नानांचं गुडघं लय वाजत्यात. परवा खाली बसलं तर मला वाटलं कोण शेंगा फोडतंय."

"वाजंनात का," मधल्या फळीतला एकजण माझ्या बाजूनं म्हणाला. "आपल्याला काय त्यांच्या गुडघ्यावर भजन करायचं हाय?"

मग निघालं की नानांना ठेवू आणि दोन जड तरण्या पोरांच्या जागी दोन हलकी पोरं घेऊ. कुठली दोन काढायची, इथं घोडं अडलं. एकाचं लग्न ठरत होतं, त्याला यात्रेत पोरीकडची माणसं बघायला येणार होती. एकाच्या आईनं संघाला दोर घेऊन दिला होता. तिसरा नुसताच रडवेला झाला. म्हणजे फिरून फिरून सगळ्यांचे डोळे खांबाकडं.

मी म्हणालो, "मी हितंच हाय. कानाला अजून काय झालं न्हाई."

पुतण्या उठून उभा राहिला. पलटणीतली सवय, बसून बोलत नाही.

"नाना, तुमाला काढायचं न्हाई. बदलायचं हाय."

मग त्यानं सांगितलं. आटपाडीकडं माझी सासुरवाडी. तिथल्या संघाचा कप्तान म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याचा फोन आला होता. तिकडचा मुलूख कोरडा, पोरं शेरडांमागं माळ तुडवून काटक्यांसारखी झालेली. चिवट आहेत, पण आठांचं मिळून वजन सहाशे नऊ. त्यांचा खुंटा तर सत्तर किलोचा. समोरच्यांनी जोरात श्वास ओढला तरी तो पुढं यायचा. त्यांना जड खुंटा पाहिजे होता, आम्हाला हलका. मी तिकडं, तो इकडं. पुतण्यानं मोबाईलवर बेरीज करून दाखवली. आमचे सहाशे सदतीस, त्यांचे सहाशे छत्तीस. दोघंही नियमात.

हिशेबात चूक नव्हती, हेच मला लागलं. चूक असती तर भांडलो असतो.

मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठून बाहेर गेलो. खरं सांगतो, म्हातारा म्हणाले याचं मला काही वाटलं नाही. आरसा आमच्या घरातही आहे. भीती दुसरीच होती. एकदा दोर हातातनं सुटला की परत कोण हातात देणार? आज बदलायचं म्हणतात, पुढच्या साली बदलायलासुद्धा कुणी घेणार नाही. मग यात्रेच्या दिवशी मी मांडवात खुर्चीवर बसणार, गळ्यात हार, आणि भाषणात माझं मार्गदर्शन लाभलं म्हणणार. मार्गदर्शन लाभलेली माणसं मी पाहिली आहेत. दोन वर्षांत खंगतात.

तांब्या ठेवून आत आलो आणि पुतण्याला विचारलं, "मागणी तिकडनं आली का तू गळ घातलीस?"

"तिकडनं आली, नाना. शप्पत."

"मला मागितलं?"

"तुमालाच. दुसरा जड गडी देतो म्हणलं तर नगं म्हणालं मामा."

मग जरा बरं वाटलं. मी म्हणालो, "आसं असंल तर सत्त्याण्णवच्या बदल्यात नुसतं सत्तर किलो घ्यायचं न्हाई. वर काय देत्यात ते बघू."

बुधवारी मेहुणा मोटारसायकलवरनं देवळाच्या मंडपात आला. आमच्या बैलबाजारात भाव बोलून करत नाहीत. दोघं हातात हात घेतात, वर उपरणं टाकतात आणि आतल्या आत बोटं दाबून ठरवतात, म्हणजे भोवतीच्यांना कळत नाही. मी म्हणालो तसंच करायचं. आता बाजारात बैलाचा मालक भाव करतो, बैल बाजूला रवंथ करत असतो. इथं बैलानंच उपरण्याखाली हात घातला होता. मेहुण्यानं एक बोट दाबलं. एक क्रेट डाळिंब. मी त्याची तीन बोटं धरली. त्यानं हात ओढून घेतला, म्हणाला, "दाजी, दात बगू जरा." मंडप हसला. मी तोंड उघडून दाखवलं. बत्तीसमधले सव्वीस माझे स्वतःचे आहेत. दोन क्रेटवर सौदा ठरला. डाळिंबं संघानं खाल्ली, मला एक फोड मिळाली.

घरी गेलो तर बातमी माझ्या आधी पोचलेली. बायको चुलीपुढं बसून गालातल्या गालात हसत होती. म्हणाली, "माज्या म्हायेरानं पयल्यांदा तुमाला घेतलं तवा मला फुकट दिली. आता दोन क्रेट देत्यात. भाव वाढला तुमचा."

आणि ताबडतोब ट्रंक काढून स्वतःचीही लुगडी भरायला लागली. मी म्हणालो, सौदा माझ्या एकट्याचा झालाय. तर म्हणाली, बैल दाव्यासकट न्यायचा असतो.

स्पर्धेच्या आठ दिवस आधी आम्ही विट्याला गाडी बदलून तिकडं गेलो. सराव चांगला चालला. पोरं हलकी होती, पण दम असा की तासभर ओढून परत हसायला मोकळी. मी त्यांना टाच रोवायची शिकवली. आमच्या काळ्या मातीत टाच सरळ बसते, त्यांच्या मुरमाड माळावर ती तिरकी मारावी लागते. एकदा दाखवलं की करत. आमच्या पोरांना चारदा सांगावं लागतं, वर ती फोटो काढतात. मला दाजी म्हणत, आणि सराव संपला की दोर उचलून न्यायला धावत. दोर उचलायला धावणारं गावात कुणी मला बऱ्याच वर्षांत दिसलं नव्हतं.

घोटाळा सरावाच्या वेळेत नव्हता. उरलेल्या वेळेत होता.

मी त्यांच्या संघाचा खुंटा होतो हे खरं, पण त्या गावाचा जावई आधी होतो. जावई आठ दिवस राहायला आलेला त्या गावानं चाळीस-बेचाळीस वर्षांत पाहिला नव्हता. लग्नानंतर मी जायचो तो सकाळी जाऊन संध्याकाळी परत. मानापानाचं काहीतरी बिनसलेलं होतं, ते आता आठवत नाही, पण ते मी पाळत आलो होतो. त्यामुळं आता सगळ्या भावकीनं उट्टं काढायचं ठरवलं. आज ह्यांच्याकडं पुरणपोळी, उद्या त्यांच्याकडं बोकडाचं मटण, दुपारी चुलत मेहुण्याकडं शेवयांची खीर. एका घरी जेवलो आणि दुसऱ्या घरी नको म्हणालो तर त्यांचा अपमान. आणि नुसतं जेवून भागत नाही. ताटात पोळी संपताना दिसली की पुढची पडते, हात आडवा घातला तर हातावर पडते.

मेहुणा कप्तान होता, त्याला कळत होतं. तिसऱ्या दिवशी त्यानं सासूबाईंना समजावून सांगितलं की आई, वजनाचा नियम आहे, दाजींना जपून वाढ. सासूबाई ब्याऐंशीच्या. तुपाची वाटी हातात तशीच धरून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"जावयाला मापून वाढायची रीत आपल्यात न्हाई," म्हणाल्या, आणि वाटी माझ्या पोळीवर उपडी केली.

मेहुण्यानं माझ्याकडं पाहिलं. मी पोळीकडं पाहिलं. नको म्हणायचं धाडस आमच्या दोघांतही नव्हतं. शिवाय, आता लपवायचं कशाला, तूप घरचं होतं.

यात्रेच्या दिवशी सकाळी मैदानाच्या कडेला काटा मांडला होता. पंच म्हणून एका शाळेचे खेळाचे मास्तर आले होते, गळ्यात शिट्टी आणि चेहऱ्यावर कुणाचंच ऐकणार नाही असा भाव. आमच्या गावचा संघ आधी काट्यावर चढला. माझ्या जागी आलेला तो सत्तर किलोचा खुंटा उंब्रजकडचं दूध पिऊनही सत्तरच भरला. सहाशे सदतीस. पास.

मग आमचा, म्हणजे सासुरवाडीचा संघ. सात गडी झाले, पाचशे एकोणचाळीस. शेवटी मी. काटा हलला, थांबला. मास्तरांनी वाचलं, एकशे दोन.

बेरीज मेहुण्यानं केली नाही, त्याचं तोंडच सांगत होतं. सहाशे एक्केचाळीस. एक किलो जादा.

आमच्या गावची पोरं बाजूलाच उभी होती. त्यातला एकजण म्हणाला, "नाना, म्हायेरपण मानवलं वाटतं." बाकीचे तोंडावर हात धरून हसले. पुतण्या तेवढा हसला नाही.

मास्तर म्हणाले, पंधरा मिनिटं देतो. वजन आत आणा, नाहीतर गडी बदला. मेहुण्याच्या मागं त्यांचा राखीव गडी उभा होता, शेलाटा, अजून मिसरूड न फुटलेला. त्याला घेतलं तर वजन आरामात बसत होतं. मेहुण्याची नजर त्या पोराकडं गेली. मी म्हणालो, त्याला बसू दे. अजून पंधरा मिनिटं माझी आहेत.

आधी बंडी काढली. तिच्या खिशांत काय काय होतं ते त्या दिवशी मलाही कळलं. चंची, अडकित्ता, चष्म्याचं घर, मोबाईल, घराच्या किल्ल्यांचा जुडगा, आणि सासूबाईंनी वाटेत खायला दिलेले चार बेसनाचे लाडू. पोरांनी एकेक वस्तू बाहेर येईल तशी मोजली. परत चढलो. एकशे एक आणि तीनशे ग्रॅम.

तीनशे ग्रॅम. अंगावर सदरा, धोतर आणि डोक्याला पटका. सदरा-धोतर काढून यात्रेत उभं राहण्याइतका मी पैलवान नव्हतो. राहिला पटका.

आताच्या वाचणाऱ्याला यात काही वाटायचं नाही. पण आमच्यात बोडक्या डोक्यानं माणूस चारचौघांत येतो तो मयतीला. वडील गेले तेव्हा मी पटका उतरवला होता, आणि तेराव्याला परत बांधला, त्यानंतर घराबाहेर कुणी माझं डोकं पाहिलं नव्हतं. लष्करातनं सुट्टीवर आलेला पुतण्यासुद्धा माझ्यासमोर टोपी घालून यायचा. आणि इथं समोर माझं सगळं गाव, पलीकडं सगळी सासुरवाडी, शिवाय भेळेच्या गाड्यांवरनं मान उंच करणारे परगावचे. मी हात वर नेला आणि तिथंच थांबलो. किती वेळ थांबलो माहीत नाही. मास्तरांनी घड्याळ बघितलं.

बायकांच्या घोळक्यातनं आमची मंडळी पुढं आली. चारशे माणसांतनं सरळ चालत आली आणि माझ्यापुढं पदर पसरून उभी राहिली.

"द्या हिकडं," म्हणाली. "डोस्कं तेच ऱ्हातंय."

मी पटका उतरवून तिच्या पदरात ठेवला. वारा टकलाला लागला. काट्यावर चढलो. मास्तरांनी वाकून दोनदा वाचलं. शंभर आणि नऊशे ग्रॅम. वर बजावलं, इथं उतरवलेलं काही खेळ संपेपर्यंत परत अंगावर चढवायचं नाही.

त्यानंतर मला कुणी हसलं नाही, किंवा हसलं असेल तर मी बघितलं नाही.

पहिली दोन गावं आम्ही ओढून टाकली, त्यांचं सांगण्यासारखं काही नाही. शेवटच्या लढतीला समोर आमचं गाव आलं.

पहिल्या खेपेला आम्ही हरलो. पटका नसल्यामुळं घाम सरळ डोळ्यांत येत होता, मी पुसायला मान हलवली आणि हातभर पुढं गेलो. तेवढं त्यांना पुरलं. दुसऱ्या खेपेला आम्ही नुसतं धरून ठेवलं. आमच्या गावची पोरं जड, जोर लावतात ती एकदम लावतात आणि मग भात्यासारखी फुसफुसतात. त्यांचा दम गेला तसं काटक्यांनी ओढून घेतलं. एक-एक झालं.

तिसरी खेप. दोर ताणला, शिट्टी झाली आणि कुणीच हललं नाही. फडकं मधोमध नुसतं थरथरत होतं. पलीकडच्या ओळीत सगळ्यात पुढं पुतण्या होता. इतकी वर्षं मी त्याची पाठ बघत आलो होतो. खुंट्याला सगळ्यांच्या पाठीच दिसतात. त्याचं तोंड दोर ओढताना मी पहिल्यांदा बघितलं. दात विचकलेले, शिरा फुगलेल्या, अगदी माझ्या थोरल्या भावासारखा दिसत होता.

पण पाठ मला तोंडापेक्षा जास्त माहीत होती. दमला की त्याचा उजवा खांदा खाली येतो. त्यानंतर दोन श्वास तो रिकामा असतो, मग पुन्हा भरतो. आमच्या गावच्या सातही जणांचं असं काहीतरी मला पाठ होतं, कारण ते सगळं बघायचं कामच माझं होतं. म्हातारा गडी देऊन टाकताना किलो तेवढे मोजतात. त्याच्या डोक्यात तुमची काय काय खोट साठलीय, ते भुसार दुकानाच्या काट्यावर येत नाही.

खांदा खाली आला. मी ओरडलो, आणि माझी सातही माणसं एकदम मागं पडली. फडकं रेघेपार गेलं तेव्हा मी चिखल नसलेल्या जमिनीवर उताणा पडलो होतो आणि कानात बायकांचा गलका येत होता. त्यात आमच्या मंडळींचा आवाज सगळ्यांच्या वर. तेव्हा मला उमगलं की एवढी वर्षं आमचं गाव तिच्या माहेराशी ओढत असताना ती घरी थांबायची, ती काही कामासाठी नव्हे.

पोरांनी मला उचललं. मेहुण्यानं ढाल घेतली, बक्षिसाचा बोकडही आला. पण गर्दीतनं जाताना आमच्या गावच्या एका म्हाताऱ्यानं दुसऱ्याला सांगितलेलं माझ्या कानावर पडलं. पुतण्यानं चुलत्याची लाज राखली, बोडकं डोकं बघवलं नसंल त्याला.

झालं. बक्षिसाचा रस गेला. मी तसाच पाण्याच्या टँकरकडं गेलो. पुतण्या तिथं एकटाच हात धूत होता.

"ढील दिलीस?" मी विचारलं.

त्याला लगेच कळलं. त्यानं बोलायच्या आधी दोन्ही हात माझ्यापुढं उघडले. बोटांच्या मुळाशी कातडी सोलून गेली होती, दोन्ही तळव्यांची. पाणी लागलं की आंगठे आपोआप आत वळत होते.

"ढील देणाऱ्याचं हात असं हुत्यात व्हय, नाना? जीव खाऊन वढलं. तुमी हाललाच न्हाई."

मी त्याचे हात धरून जरा वेळ बघितले. फुंकर घालावी वाटली, पण हवालदार माणूस, वर यात्रेची गर्दी. म्हणालो, हळद लाव.

"हळद लावतो," म्हणाला. "पर पुढच्या साली तुमी हिकडं पायजे. मी सगळ्यांस्नी सांगतो, चूक माजी हुती."

"चोवीस किलो कुठं ठेवू?"

"आमी सातजण मिळून चौदा उतरवतो. तुमी धा उतरवा."

"आन् सासरचं पाच?"

"ते मामांनी चढवल्यात, त्यांनीच उतरवावं."

मी व्हय म्हणालो नाही. माझी सवय नाही. म्हणालो, बघू. तेवढ्यात मेहुणा बोकडाची दोरी धरून आला. म्हणत होता, उद्या सगळ्या गावाचं जेवण, आणि पहिलं ताट दाजींचं. मी मंडळींना खूण केली. आम्ही दोघं ऊन उतरायच्या आत पुतण्याच्या जीपमध्ये बसून उंब्रजच्या रस्त्याला लागलो. जीपमध्ये आमच्या गावची पोरंही होती, माझ्याकडं पाठ करून बसलेली. औंध मागं पडल्यावर एकजण म्हणाला, नाना, कधी ओरडायचं हे तुम्हाला कसं कळलं? मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळींनी नेहमीसारखं ताट वाढलं. दोन भाकरी, वांग्याची भाजी, वर लोणी. मी एक भाकरी खाल्ली. दुसरी उचलली, लोणी बोटानं पुसून वाटीत काढलं आणि भाकरी परत टोपल्यात ठेवली. तिनं जवळ येऊन माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मी हात धुतले, मोटारसायकलची किल्ली खुंटीवर तशीच राहू दिली, आणि पायी शेताकडं निघालो.